हौशी रेडिओ : अल्पशक्ती प्रयोग आणि आयनांबर

परवानाधारक व्यक्तींनी आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता, आत्मशिक्षण, परस्परसंपर्क व तांत्रिक अन्वेषण यांसाठी चालविलेल्या रेडिओ संदेशवहनास हौशी रेडिओ म्हणतात. त्याच्या ज्या शाखेत प्रेषकाची (संदेश पाठविणाऱ्या साधनाची) शक्ती हेतुपुरस्सर कमी ठेवली जाते, ती अल्पशक्ती शाखा होय. मोर्स संकेतांसाठी ५ वॉट व ध्वनिसंदेशासाठी १० वॉट (शिखरमूल्य) ही तिची सर्वसाधारणपणे मान्य झालेली मर्यादा आहे. तारायंत्राच्या संकेतभाषेत ‘शक्ती कमी करा’ या अर्थी रूढ असलेल्या ‘क्यूआरपी’ या संक्षेपाने ती जगभर ओळखली जाते. घरातील लहान दिव्याला साधारणतः जेवढी शक्ती लागते तेवढीच ही आहे. तरीही अनुकूल वेळी असा संदेश हजारो किमी. अंतरावर ऐकू येतो आणि प्रतिकूल वेळी तोच शेजारच्या जिल्ह्यातही पोहोचत नाही. साधन तेच असता घडणारा हा फरक आकाशातील बदलांमुळे पडतो. त्यामुळे अल्पशक्ती प्रयोग हे केवळ संपर्काचे साधन न राहता वातावरणाच्या उच्च थरांचे वेध घेण्याची एक रीत ठरले आहेत. याच थरांचा दुसरा मागोवा भूचुंबकीय वेधांतून लागतो आणि त्या वेधांची भारतातील सर्वांत दीर्घ परंपरा मुंबई, अलिबाग व पनवेल या परिसराशी निगडित आहे.

तत्त्व : सूर्याचे जंबुपार व क्ष-किरण वातावरणाच्या उच्च भागातील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन अलग करतात. अशा रीतीने विद्युत् भारित झालेल्या, सु. ६० किमी. उंचीपासून सुरू होणाऱ्या भागास आयनांबर म्हणतात [⟶ आयनांबर]. त्याचे डी (सु. ६०–९० किमी.), ई (सु. ९०–१५० किमी.) व एफ (त्यावरील) असे मुख्य थर मानले जातात. सु. ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे लघुतरंग एफ थरात वक्र होऊन पृथ्वीकडे परततात. अशा एका झेपेत ३,००० किमी.हून अधिक अंतर कापले जाऊ शकते. डी थर मात्र तरंगांची ऊर्जा शोषून घेतो. हे शोषण कमी कंप्रतेस अधिक असते आणि सूर्यास्तानंतर डी थर जवळजवळ नाहीसा होताच ते संपते. म्हणून ३·५ व ७ मेगॅहर्ट्‌झचे हौशी पट्टे रात्री दूरवर पोहोचतात, तर १४, २१ व २८ मेगॅहर्ट्‌झचे पट्टे मुख्यतः दिवसा उपयोगी पडतात. प्रेषकाच्या आसपासचा भूतरंग जिथे संपतो व आकाशातून परतणारा तरंग जिथे उतरतो त्यांच्या दरम्यान शांत पट्टा राहतो. त्यामुळे पुष्कळदा दूरच्या केंद्रास ऐकू येणारा संदेश जवळच्यास ऐकू येत नाही.

शक्तीचे महत्त्व या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे. १०० वॉटऐवजी ५ वॉट वापरल्यास शक्ती २० पटींनी घटते. परंतु डेसिबेल या लॉगरिथमी एककात हा फरक १३ इतकाच भरतो. हौशी केंद्रे संदेशाच्या तीव्रतेसाठी जी श्रेणी वापरतात तिच्या एका पायरीस ६ डेसिबेल धरले, तर ही घट जेमतेम दोन पायऱ्यांची होते. याउलट ३·५ मेगॅहर्ट्‌झला भर दुपारी डी थरात होणारे शोषण कित्येक दशक डेसिबेल असू शकते. म्हणजेच माणूस शक्ती वाढवून जे मिळवू शकतो त्याहून किती तरी अधिक आकाश देते किंवा हिरावून घेते. प्रेषकाची शक्ती, आकाशक (अँटेना) व वेळ कायम ठेवून महिनोन् महिने नोंदी केल्या की, नोंदींत उरणारा बदल आकाशाचा असतो. शक्ती अल्प असल्याने संदेश ऐकू येण्याच्या सीमारेषेवरच असतो आणि परिस्थितीतील लहानसा फेरही लगेच जाणवतो.

कुलाबा व अलिबाग येथील वेध : ‘साधन स्थिर ठेवा, म्हणजे आकाश बोलेल’ हे तत्त्व रेडिओच्या शोधापूर्वीच मुंबईत आचरणात आले होते. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. तेथे एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ पासून भूचुंबकीय वेधांस प्रारंभ झाला. बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेची सूत्रे होती आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी तेथे साहाय्यक म्हणून काम केले. आरंभी टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून डोळ्यांनी वाचले जाई. पुढे छायाचित्रणाने अखंड नोंद होऊ लागली.

या परिश्रमाचे मोल १८५९ मधील घटनेने दिसून आले. १ सप्टेंबर रोजी इंग्‍लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर प्रखर ज्वाला पाहिली. त्यानंतर सु. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आलेल्या चुंबकीय वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीपेक्षा कमी कालांतराने वाचने घेतली. भूचुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचे त्या नोंदींत आढळते. नेहमीचा दैनिक चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. सु. १४४ वर्षांनंतर, २००३ मध्ये, बी. टी. त्सुरुतानी, जी. एस. लखिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नोंदींच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचे पुनर्मूल्यमापन केले. वाचने घेणाऱ्यांच्या काळी या आकड्यांचा अर्थ पूर्णपणे लावणे शक्य नव्हते. परंतु नोंद प्रामाणिकपणे ठेवली गेल्याने तो पुढे लावता आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही परंपरा खंडित होण्याची वेळ आली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम गाड्या सुरू करण्याचे ठरले आणि त्यांच्या रुळांतून व जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहांमुळे कुलाब्याचे वेध दूषित होणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांनी पर्यायी जागा म्हणून सु. ३० किमी. दक्षिणेस असलेल्या अलिबागची निवड केली. तेथील इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरचा वालुकाश्म वापरण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांतील तफावत निश्चित केल्याने कुलाब्याची जुनी मालिका व अलिबागची नवी मालिका ही एकच समजता येते. विजेच्या ट्राम गाड्या १९०७ मध्ये मुंबईत धावू लागल्या, तेव्हा वेध सुरक्षित स्थळी पोहोचले होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील वेधांचे सविस्तर विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. भूचुंबकत्वाच्या संशोधनासाठी १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे अलिबागची वेधशाळा आली. या संस्थेचे मुख्यालय कुलाब्याहून पुढे नवीन पनवेल येथे हलविण्यात आले. अलिबाग व पनवेल ही दोन्ही ठिकाणे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात येत. या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हे नाव आहे.

लघुतरंगांचा शोध : भूचुंबकीय वेधांवरून उच्च वातावरणात विद्युत् प्रवाह वाहत असावेत, असे अनुमान एकोणिसाव्या शतकातच करण्यात आले होते. त्या थराचा संदेशवहनासाठी उपयोग होतो, हे दाखवून देण्यात मात्र हौशी प्रयोगकर्त्यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी केंद्रांना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबी दिली गेली. दूरच्या संपर्कास दीर्घ तरंगच लागतात अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे हा पट्टा निरुपयोगी मानला जाई. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे पॉल गॉडली यांनी अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये सु. ११० मी. तरंगलांबीवर फ्रान्समधील लेआँ दलॉय व अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकपलीकडे पहिला दुहेरी संपर्क झाला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनजवळील मिल हिल शाळेचा विद्यार्थी सेसिल गॉयडर याने न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्याशी संपर्क साधला. त्याच वर्षी एडवर्ड ॲपल्टन यांनी परावर्तक थराच्या अस्तित्वाचा प्रायोगिक पुरावा मिळविला. त्यानंतर अल्पावधीतच ग्रेगरी ब्राइट व मर्ल ट्यूव्ह यांनी रेडिओ स्पंदांच्या प्रतिध्वनींवरून थराची उंची मोजण्याची पद्धत दिली. अशा प्रकारे अनुभव व सिद्धांत जवळजवळ एकाच वेळी पुढे आले.

या गॉयडर यांचा भारताशी पुढे निकटचा संबंध आला. १९३६ मध्ये ते ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता झाले आणि विस्तीर्ण देशात कमी केंद्रांनी प्रक्षेपण पोहोचविण्यासाठी त्यांनी लघुतरंगांचा पुरस्कार केला. मुंबईचे लघुतरंग केंद्र १९३८ मध्ये सुरू झाले. भारतीय आयनांबराचा पद्धतशीर अभ्यास कोलकात्यास शिशिरकुमार मित्र यांनी उभारला. त्यांचा ‘दि अपर ॲटमॉस्फिअर’ (१९४७) हा ग्रंथ या विषयातील प्रमाणभूत ग्रंथांपैकी एक होय.

भारतातील हौशी केंद्रे : भारतात हौशी प्रेषणाचा आरंभ १९२१ मध्ये कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्या केंद्राने झाला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू होण्यापूर्वीचा हा हौशी टप्पा होय. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी परवाने स्थगित झाले आणि साधने सरकारजमा करण्याचे आदेश निघाले.

या बंदीच्या काळातच १९४२ चे काँग्रेस रेडिओ प्रकरण घडले. ‘भारत छोडो’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त केंद्र चालविले. त्याची तांत्रिक उभारणी पूर्वी हौशी केंद्र चालविणारे नरिमन प्रिंटर यांनी केली होती. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर या काळात जागा वारंवार बदलून ४२·३४ मी. तरंगलांबीवर संध्याकाळी प्रक्षेपण होत असे. ही तरंगलांबी हौशी केंद्रांच्या ४० मी. पट्ट्यालगतची आहे. डी थराचे शोषण ओसरल्यावर, म्हणजे सूर्यास्तानंतर, मर्यादित शक्तीचा संदेशही या पट्ट्यात शेकडो किमी. जाऊ शकतो. मात्र दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचणारा तरंग शोधयंत्रणेलाही प्रेषकाची दिशा दाखवितो. अखेरीस गिरगावातील जागेवर छापा पडून केंद्र बंद झाले. युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखाली १९७८ मध्ये हौशी सेवेसाठी नियमावली करण्यात आली.

अल्पशक्ती चळवळ : आरंभीच्या हौशी केंद्रांची शक्ती साधनांच्या अभावी अल्प असे, ती जाणीवपूर्वक अल्प ठेवण्याची प्रथा नंतरची आहे. अमेरिकेत १९६१ मध्ये, तर ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये जॉर्ज डॉब्ज या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने या शाखेच्या संघटना स्थापन झाल्या. ट्रँझिस्टरमुळे प्रेषक खिशात मावण्याइतका लहान झाला आणि तो स्वतः जोडणे शक्य झाले. १९७० मध्ये २८ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात अलास्का व ऑरेगन यांच्या दरम्यान सु. २,६५० किमी. अंतरावर एक मायक्रोवॉट शक्तीने संपर्क झाल्याची नोंद आहे. सूर्य तेव्हा सक्रिय होता, हे या विक्रमाच्या बाबतीत ध्यानात घेतले पाहिजे. भारतात या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत हैदराबादचे अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडता येणाऱ्या, सु. ६ वॉट शक्तीच्या ‘बिटएक्स’ या प्रेषक-ग्राहीचा आराखडा खुला केला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत हिंडून भाग गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याच्याही आटोक्यात त्यामुळे हा छंद आला. या आराखड्याचा प्रसार देशाबाहेरही झाला.

सौरचक्र व वादळे : सूर्यावरील डागांची संख्या सु. ११ वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होते. डाग अधिक असताना आयनीभवन वाढते व २१ आणि २८ मेगॅहर्ट्‌झचे पट्टे दीर्घकाळ खुले राहतात. डाग कमी असताना ते दिवसेंदिवस मुके असतात. दूरबिंदूपर्यंत नोंद असलेल्या चक्रांपैकी सर्वांत प्रबळ असे एकोणिसावे चक्र मार्च १९५८ मध्ये शिखरास पोहोचले (सरासरित डागसंख्या २८५). आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७-५८) हौशी केंद्रांच्या नोंदींचा शास्त्रीय अभ्यासासाठी उपयोग करून घेण्यात आला. चोविसाव्या चक्राचे शिखर (एप्रिल २०१४) ११६ इतकेच भरले. डिसेंबर २०१९ मध्ये किमान अवस्था गाठून सुरू झालेले पंचविसावे चक्र ऑक्टोबर २०२४ मध्ये सु. १६१ या शिखरास पोहोचले. त्यामुळे २०१९ मध्ये अल्पशक्ती केंद्र सुरू करून निराश झालेल्या व्यक्तीस पाच वर्षांनी त्याच साधनाने दूरदेशीची केंद्रे मिळू शकली.

या संथ बदलांखेरीज आकस्मिक घटनाही घडतात. सौर ज्वालेतील क्ष-किरण सु. ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचून डी थराचे आयनीभवन एकाएकी वाढवितात आणि सूर्यप्रकाशित गोलार्धात लघुतरंग काही मिनिटे ते तास-दोन तास लुप्त होतात. १९३५ मध्ये जे. एच. डेलिंजर यांनी या घटनेचा सूर्याशी संबंध दाखविला. त्याच क्षणी आयनांबरातील वाढलेल्या प्रवाहांमुळे अलिबागसारख्या वेधशाळेच्या आलेखावर लहानसा आकडा उमटतो. ज्वालेबरोबर सूर्यातून द्रव्य बाहेर फेकले गेले असल्यास ते साधारणतः एक ते तीन दिवसांनी पोहोचून चुंबकीय वादळ होते. मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सु. ९ तास बंद पडला. १०–११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हान्‌ले येथूनही ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. ग्राहीतून ऐकू येणारी शांतता व चुंबकमापकाची वक्र रेषा या एकाच घटनेच्या दोन नोंदी होत.

पनवेल परिसरातील परिस्थिती : पनवेल (१९° उ.) चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे. हे विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे दिवसा सु. १०५ किमी. उंचीवर तीव्र विद्युत् प्रवाहाचा अरुंद पट्टा असतो आणि एफ थरातील इलेक्ट्रॉन वर उचलले जाऊन कारंज्याप्रमाणे दोन्ही बाजूंस उतरतात. त्यामुळे चुंबकीय विषुववृत्तावर नव्हे, तर त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस सु. १५° चुंबकीय अक्षांशाच्या आसपास एफ थर सर्वांत दाट होतो. भारतात हे शिखर अहमदाबाद-भोपाळच्या बाजूस येते. पनवेल या दोहोंच्या दरम्यान असल्याने तेथून दक्षिणेकडे जाणारा संदेश व उत्तरेकडे जाणारा संदेश यांना निरनिराळ्या घनतेचे आकाश लाभते. सूर्यास्तानंतर काही तास, विशेषतः विषुवदिनांच्या महिन्यांत व सक्रिय सूर्याच्या काळात, एफ थरात विरळ बुडबुडे निर्माण होऊन संदेश थरथरतो वा क्षीण होतो. याच संधिकाळात विषुववृत्त ओलांडून उत्तर-दक्षिण जाणारे अतिशय उच्च कंप्रतेचे तरंगही अनपेक्षितपणे दूर पोहोचतात. ही घटना हौशी केंद्रांच्या १९४७ मधील ५० मेगॅहर्ट्‌झच्या संपर्कांतून प्रथम ध्यानात आली. माथेरान-प्रबळगडाची डोंगररांग थेट दृष्टिरेषेत जाणाऱ्या तरंगांना अडविते. आकाशातून परतणाऱ्या लघुतरंगांना तिचा तेवढा अडथळा होत नाही. म्हणून डोंगरापलीकडच्या पुण्याशी ७ मेगॅहर्ट्‌झवर दिवसा जवळजवळ सरळ वर पाठविलेल्या तरंगाने संपर्क साधता येतो.

स्वयंचलित नोंदी : नोबेल पारितोषिकविजेते खगोलभौतिकीविज्ञ जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये ‘डब्ल्यूएसपीआर’ ही संकेतपद्धती तयार केली. तीत केंद्राचे आवाहनचिन्ह, स्थान व शक्ती एवढीच माहिती सु. ११० सेकंदांत, केवळ सु. ६ हर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात पाठविली जाते. कानाला मुळीच न ऐकू येणारा, २,५०० हर्ट्‌झ पट्ट्यातील गोंगाटाच्या सु. २८ डेसिबेल खाली असलेला संदेशही संगणक ओळखतो. यासाठी ०·२ वॉट शक्ती पुष्कळदा पुरते. जगभरातील केंद्रांनी कोणाचा संदेश केव्हा व किती तीव्रतेने ऐकला हे आपोआप एकत्र साठविले जाते. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतील खग्रास सूर्यग्रहणात हौशी केंद्रांच्या अशा नोंदींवरून आयनांबरावरील छायेचा परिणाम अभ्यासण्यात आला.

महत्त्व : अल्पशक्ती प्रयोगांचे सर्वांत मोठे शत्रू आता आकाशात नसून जमिनीवर आहेत. दिव्यांचे व विद्युत् भारण साधनांचे स्वस्त मंडल, सौर पटलांचे परिवर्तक व दाट वस्तीतील वीजवाहिन्या यांचा विद्युतीय गोंगाट शहरी भागात इतका वाढला आहे की, आकाशाने आणून दिलेला क्षीण संदेश त्यात बुडून जातो. झपाट्याने वाढणाऱ्या पनवेल परिसरासही हे लागू पडते. १९०४ मध्ये मूस यांच्यापुढे असलेला प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहिला आहे. फरक इतकाच की, वेधशाळेस शांत जागी हलविण्याची व दोन वर्षे दुहेरी वेध घेण्याची सोय राज्ययंत्रणेने केली होती. हौशी प्रयोगकर्त्याच्या वहीस तसे संरक्षण नसते. ती एका व्यक्तीच्या चिकाटीवर चालते आणि तिच्याबरोबर थांबते. कुलाब्याच्या १८५९ मधील आकड्यांचा पूर्ण अर्थ लागण्यास सु. दीड शतक लागले. तेव्हा साध्या साधनाने, अल्प शक्तीने, परंतु एकाच रीतीने व खंड न पडू देता ठेवलेली नोंद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल, हे ती ठेवतेवेळी सांगता येत नाही; शक्तिमान साधनांच्या काळातही तिचे मूल्य टिकून राहते ते यामुळेच.